बाई गोंगाटात बोलत नाहीत

सभागृहात माणसं ओरडतात हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. टीव्हीवर पाहिलं होतंच की! पण टीव्हीवर पाहणं वेगळं आणि आपल्या कानाशेजारी एका धडधाकट माणसाने फाइल घेऊन बाक बडवणं वेगळं. निवडून आल्यावर पहिल्या दिवशी घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "अहो, माझा तिसरीचा वर्ग बरा. तिथे पोरं निदान बाहेर जाताना विचारून तरी जातात."

हे नवऱ्याला पुन्हा सांगावं लागलं. छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि कान त्याच्याही आधी गेले होते. त्यात बायको मिळाली ती कधीच आवाज न चढवणारी. म्हणजे थट्टाच की नाही? गल्लीतली सगळी भांडणं त्यांना घरबसल्या ऐकू यायची, बायकोचं बोलणं तेवढं नाही. "मास्तरीणबाई, जरा मोठ्याने," हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जाई, त्याला गणतीच नव्हती.

पण बाई मोठ्याने बोलत नसत म्हणजे नसत. त्या खाणवस्तीच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा वर्गात नुसता बाजार भरला होता. आधीचे मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून बदली घेऊन गेले होते. बाईंनी खडू टेबलावर ठेवला, हाताची घडी घातली आणि उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. पोरांनी आधी मजा पाहिली, मग एकमेकांना कोपरं मारली, मग "ए, गप ना, बाई बघतायत," असं करत करत वर्ग थंड झाला. पुढे पुढे खडू ठेवल्याचा टक्क आवाज आला की पुरे, सगळे चिडीचूप. नव्या शिक्षकांना बाई सांगत, "गोंगाटावर गोंगाट केला की दोन गोंगाट होतात. ज्याला ऐकायचंय, तो गप्प होतो."

एक पोरगा मात्र शेवटपर्यंत टिकायचा. मागच्या बाकावरचा, दगड फोडणाऱ्या एका विधवेचा मुलगा. खाणीत सुरुंग लावण्याआधी भोंगा वाजायचा, तो परवडला, असा त्याचा आवाज. म्हणून सगळे त्याला भोंग्याच म्हणत. बाई त्याच्याकडे बघत राहायच्या, बघत राहायच्या, आणि तो शेवटी ओशाळून मान खाली घालायचा. मग त्या हळूच म्हणायच्या, "भोंग्या, उभा राहा." तो ताडकन उठायचा. "आता वाच धडा. मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे." असं वाचून वाचूनच पोरगं शिकलं, पार झालं आणि कुठच्या कुठे गेलं.

कुठच्या कुठे म्हणजे राजकारणात. आता तो सत्ताधारी पक्षाचा प्रतोद होता. प्रतोद म्हणजे काय, हे बाईंनी नवऱ्याला समजावलं होतं. "वर्गाचा मॉनिटर हो! आपल्या आमदारांनी कधी हात वर करायचा, कधी ओरडायचं, कधी गप्प बसायचं, हे तो ठरवतो." आणि खरंच तसं होतं. चर्चा कोण ऐकतंय तिथे? कुणी मोबाइलमध्ये तोंड घालून, कुणी पेंगत. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळ्यांचं लक्ष पहिल्या बाकावर बसलेल्या भोंग्याकडे. तो उठला की उठायचं, तो बसला की बसायचं. मेंढरं बरी, ती निदान गवत बघून वळतात.

बाईंना राजकारणात आणलं तेही त्यानेच. पक्षाचा आधीचा माणूस कसल्याशा प्रकरणात पार बरबटला होता. एक स्वच्छ तोंड हवं होतं, आणि बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घरी येऊन, चहा पिऊन, भोंग्या म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी माणसं आली नाहीत तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही रे. माझं आपलं एकच. शाळेला धक्का लागायला नको."

"बाई, माझी शाळा आहे ती! मी असेपर्यंत तिला हात लावायची कुणाची टाप आहे?"

बाईंनी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती त्याच्याकडून. साऱ्या प्रचारात त्या घरोघर जाऊन एकच वाक्य बोलल्या, शाळा बंद होऊ देणार नाही. वस्तीने त्यांना डोक्यावर घेतलं.

आणि वर्ष उलटतंय न उलटतंय तोच विधेयक आलं. लहान शाळा मोठ्या शाळांमध्ये विलीन करण्याचं. विलीन! काय गोड शब्द शोधून काढलाय मेल्यांनी. खाणवस्तीची शाळा हमरस्त्याच्या पलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. त्या रस्त्यावरून खडी भरलेले डंपर दिवसभर सुसाट जायचे. मध्ये ना पूल, ना सिग्नल. त्या रस्त्याने वस्तीतली एक पोर आधीच खाल्ली होती. दुसरीतली, दोन वेण्या घालणारी, दूध आणायला म्हणून पलीकडे गेलेली. पोरीची चप्पल बाईंनी स्वतःच्या हाताने उचलली होती. आता तिथून रोज अख्खी शाळा पलीकडे न्यायची म्हणे.

बाई भोंग्याच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "बाई, विधेयक वरून आलंय, ते थांबवणं माझ्या हातात नाही. पण तुम्ही दुरुस्ती मांडा ना. जिथे मध्ये हमरस्ता येतो तिथली शाळा बंद करू नये, एवढीच. आपली माणसं पाठिंबा देतील. मी बघतो."

"नक्की?"

"बाई, तुमच्याशी खोटं बोलेन का मी?"

दुरुस्ती मांडण्याची रीत साधी होती. अध्यक्ष नाव पुकारतात, सदस्याने उभं राहून तोंडाने म्हणायचं, "मी दुरुस्ती मांडते." म्हटलं नाही तर मांडलीच नाही असं धरतात. बाईंनी नियमांचं पुस्तक पहिल्या आठवड्यातच पाठ केलं होतं. त्यावरून इतर आमदार त्यांची टिंगलही करायचे, "बाई, परीक्षा आहे का उद्या?"

त्या सकाळी नवऱ्याने टीव्ही लावून ठेवला. बाई निघताना म्हणाले, "मोठ्याने बोल गं. तिथे माझ्यासारखे बहिरे भरलेत." बाई हसल्या आणि गेल्या.

नाव पुकारलं गेलं. बाई उभ्या राहिल्या. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्याच पक्षाच्या बाकांवरून बडवाबडवी सुरू झाली. कुणी "विकास! विकास!" ओरडतंय, कुणी विरोधकांच्या नावाने बोटं मोडतंय, कशाचा कशाला मेळ नाही. समोरचे विरोधक मूठभर, तेही गोंधळून ओरडायला लागले. अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं.

बाईंनी काय केलं? जे आयुष्यभर केलं तेच केलं. हातातलं पेन बाकावर ठेवलं, टक्क. हाताची घडी घातली. आणि एकेकाकडे बघत उभ्या राहिल्या. होईल, त्यांना वाटलं. आत्ता होईल शांत.

"सदस्या दुरुस्ती मांडत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "दुरुस्ती रद्द समजण्यात येते. पुढे."

आणि गंमत बघा, त्याच क्षणी नळ बंद करावा तसा सगळा आवाज बंद झाला. त्या शांततेत बाईंचा आवाज एकटाच घुमला, "अध्यक्ष महाराज, मी दुरुस्ती..."

"वेळ गेली. बसून घ्या."

मधल्या सुटीत बाई उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. समोर चहा निवत होता. तेवढ्यात फोन वाजला. ती दोन वेण्यांची पोर होती ना, तिची आई.

"बाई, टीव्हीवर बघितलं आम्ही. सगळी वस्ती बसली होती." तिला बाईंचा मान राखून बोलायचं होतं, ते जमत नव्हतं. "तुमचं नाव घेतलं त्या माणसाने. तुम्ही उभ्या राहिलात. मग बोललात का नाही? एक शब्द बोलायचा होता ना? आमची धाकटी जाणार आता त्या रस्त्याने. मी तिला कशी पाठवू, तुम्हीच सांगा."

बाई काय सांगणार? पोरं गप्प बसायची वाट बघत होते, असं? फोन कधी बंद झाला तेही त्यांना कळलं नाही.

शेजारच्या टेबलावर त्यांच्या मागच्या बाकावरचे आमदार बसले होते. एके काळचे कुस्तीगीर, म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणत. माणूस मनाने वाईट नव्हता, नुसता आळशी होता. बाईंचा पडलेला चेहरा बघून त्यांना कणव आली. "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यात काही कमी नाही. सकाळीच निरोप आला होता. बाई उभ्या राहिल्या की बाकं बडवायची. गोंगाट असला की त्या तोंड उघडत नाहीत, शांत झाल्याशिवाय बोलतच नाहीत म्हणे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीही बडवलंत?"

"प्रतोद बडवतो, आपण बडवायचं. कशासाठी ते कोण विचारतंय?"

आता हे कुणाला माहीत असणार? बाई गोंगाटात बोलत नाहीत, हे त्या अख्ख्या इमारतीत कुणाला ठाऊक होतं? जो त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसला होता, त्यालाच ना! बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ज्या गोष्टीने पोरगं माणसात आणलं, तीच त्याने जपून ठेवली, आणि आज वेळ येताच काढून त्यांच्याच गळ्याला लावली. नतद्रष्ट! घरभेदी!

भोंग्या त्यांना जिन्यात भेटला. भोवती चारदोन माणसं होती, त्यांना त्याने हातानेच लांब केलं. लपवालपवी केली नाही, तेवढी लाजही नव्हती.

"बाई, ऐकून तर घ्या. तुम्ही उभ्या राहिलात, हे वस्तीने पाहिलं. दुरुस्ती पडली, हे वरच्यांनी पाहिलं. तुमचंही भागलं, माझंही भागलं. राजकारण असंच चालतं."

"ती पोर मेली तो रस्ता आहे रे तो."

"पूल होईल ना. पुढच्या वर्षी मागून घेऊ."

"आणि तोवर?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आता दुपारी विधेयकावर मतदान आहे. पक्षाचा आदेश आहे. विरोधात गेलात तर आमदारकी जाईल, मी वाचवू शकणार नाही, आधीच सांगून ठेवतो." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो हसला. "आणि बाई, रागावू नका. गोंगाटात बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंचा हात उचलला गेला होता. साऱ्या नोकरीत त्यांनी एका पोराला चापट मारली नव्हती, नाहीतर तिथेच एक ठेवून दिली असती. त्या तशाच जिना चढल्या.

दुपारी सभागृह भरलं. शिक्षणमंत्र्यांनी भाषण उरकलं. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." भोंग्याने बाक बडवलं, बाकं कडाडली, "होय!" अध्यक्ष म्हणाले, "प्रतिकूल?" पलीकडून चारदोन आवाज आले आणि विरून गेले. आता ते "मंजूर" म्हणणार, म्हणजे संपलं. पण त्याआधी नियमात एक फट होती. कुणीही सदस्य नावं घेऊन मतं मोजण्याची मागणी करू शकत होता, पुरेसे लोक जागेवर उभे राहून पाठिंबा देत असतील तर. मग प्रत्येकाला नाव पुकारल्यावर उठून सर्वांसमोर हो की नाही ते सांगावं लागतं. घोळक्यात ओरडायला सगळेच शूर असतात. एकट्याने, आपल्या नावावर, आपल्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते.

बाई उठल्या. भोंग्याने मागे न बघताच हात केला, आणि बडवाबडवी पुन्हा सुरू झाली.

बाईंच्या हातात पेन होतं. ठेवायचं होतं ते बाकावर, हात आपोआप तिकडे निघाला होता. वर्षानुवर्षांची खोड आहे, अशी सुटते होय? मग कानात तो फोनवरचा आवाज आला, एक शब्द बोलायचा होता ना?

"मतं मोजा!"

पुढे कुणाला ऐकू गेलं नाही. पहिलाच आवाज चिरकला, कोंबडीसारखा. मागे कुणी तरी खिदळलं.

"मतं मोजा! नावं घेऊन मतं मोजा! अध्यक्ष महाराज, मी मागणी करतेय! बहिरे आहात का तुम्ही? मतं मोजा!"

हा आवाज कुठून आला, बाईंनाही कळलं नाही. फाटका, खरखरीत, कधीच न वापरलेला. पत्रकारांच्या सज्जातली माणसं वाकून बघायला लागली. आता ऐकलं नाही असं अध्यक्षांना म्हणता येईना. ते नाराजीने म्हणाले, "मागणीला पाठिंबा असेल त्यांनी जागेवर उभं राहावं." विरोधक उठले. मूठभरच. तेवढ्यांनी भागणार नव्हतं. अध्यक्ष हसले, कागद उचलला.

बाईंनी पेन सरळ फेकून दिलं. दोन्ही हातांनी बाक धरलं आणि छातीच्या तळापासून ओरडल्या:

"भोंग्या! उभा राहा!"

आणि तो उभा राहिला.

ताडकन! पिकल्या केसांचा, सोन्याच्या घड्याळाचा, ज्याच्या इशाऱ्यावर सरकार हलायचं असा तो माणूस बाक सरकवून, हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला. त्याला स्वतःला कळायच्या आत. आणि तो उठला तसे त्याच्यामागचे सगळे उठले. मोबाइलवाले उठले, पेंगणारे दचकून उठले, पैलवान तर जांभई अर्धीच सोडून उठले. प्रतोद उठला की उठायचं! कशासाठी ते कोण विचारतंय?

अध्यक्षही पक्षाचेच होते. त्यांचाही डोळा त्याच पहिल्या बाकावर असायचा. त्यांना वाटलं, वरून काही नवा निरोप आला असावा. "मागणी मान्य," ते म्हणाले. भोंग्या भानावर येऊन खाली बसला तेव्हा शब्द अध्यक्षांच्या तोंडातून निघून गेला होता.

दारं बंद झाली. सचिवांनी यादी उघडली. पहिल्या बाकावरचं पहिलं नाव भोंग्याचंच. सभागृहात अशी शांतता पसरली की बाईंच्या वर्गातही कधी पसरली नसेल.

भोंग्या उठला. ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," सचिव म्हणाले.

"मोठ्याने!" बाई म्हणाल्या. त्यांचा घसा फाटला होता, पण आता त्याची पर्वा कुणाला होती! "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. बोल ना. वस्तीत टीव्ही लागलाय. त्या पोरीची आई बसलीय समोर. तुझ्या आईने दगड फोडून तुला ज्या शाळेत धाडलं, ती बंद करा, असं म्हण. तुझ्या आवाजात म्हण!"

"सदस्या, मध्ये बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. पण तेही भोंग्याकडेच बघत होते.

त्याने तोंड उघडलं. खाणीवरच्या भोंग्याला मागे टाकणारा तो गळा, आणि त्यातून फुंकरही बाहेर पडेना. तो बाईंकडे बघत राहिला, बघत राहिला. मग मान खाली घातली आणि बसला.

"मत दिलं नाही," सचिवांनी लिहिलं. पुढचं नाव पुकारलं. पुढच्याने उठून भोंग्याकडे पाहिलं. प्रतोदच गप्प, मग आपण कशाला तोंड फोडून घ्या? तोही बसला. त्याच्या मागचा बसला. पैलवान उठले, बसले. बाकामागून बाक, सगळे मुके. बाईंचं नाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही!" विरोधक एकेक करून म्हणाले, "नाही." आणि होय म्हणणारा त्या भरल्या सभागृहात एकही निघाला नाही. विधेयक पडलं. बाईंची दुरुस्ती जशी गप्प बसून पडली होती ना, तसंच.

बाहेर पडताना भोंग्या जिन्यात उभा होता. आता भोवती कुणी नव्हतं. "बाई, माझं राजकारण संपलं," तो म्हणाला.

बाईंना त्याची दया आली का? नाही आली. खोटं कशाला सांगा. "माझी आमदारकीही जाईल," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. पण तू तिथे गप्प बसलास, ते मला पाहून घाबरलास म्हणून की लाज वाटली म्हणून, हे ज्या दिवशी तुला कळेल, त्या दिवशी घरी ये. त्याआधी दारात पाऊल टाकू नकोस." आणि त्याच्याकडे पाठ फिरवून त्या निघाल्या.

घरी नवरा दारातच होता. कानातलं यंत्र टेबलावर पडलं होतं, त्याची बॅटरी कालपासून संपलेली. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "सगळं ऐकू आलं मला. शब्द न् शब्द. हे यंत्र नसताना." त्यांचे डोळे ओले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

बाईंचा आवाज पार बसला होता. त्या खुर्चीत बसल्या, आणि राग अजून उतरला नव्हता. त्यांना ठाऊक होतं, ही माणसं विधेयक पुन्हा आणणार, दुसरं गोड नाव देऊन. फोन वाजला. नवऱ्याने उचलला, कानाला लावून उपयोग नव्हता म्हणून टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, आणि फोनमध्ये ओरडले, "बोला! ती ऐकतेय! घसा बसलाय तिचा!"

"बाई," त्या पोरीची आई म्हणाली. मागे खूप माणसं एकदम बोलत होती, पोरं ओरडत होती, वस्तीभर नुसता कल्ला चालला होता. "बाई, धाकटी विचारतेय. उद्या शाळा आहे ना? आपलीच?"

बाई तो कल्ला शांत व्हायची वाट बघत बसल्या नाहीत.

"आहे!" त्या ओरडल्या.

"काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"शाळा!"